ओडोमीटरवर ४० किलोमीटर दिसले म्हणून गाडी जुनी होत नाही

दसरा जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तीनदा आला. "नवीन गाडी घेताय? सावधान!!" अशी सुरुवात आणि खाली डीलर जुनी किंवा वापरलेली गाडी नवी म्हणून देतोय का ते ओळखायचे मुद्दे. मी पुण्यात एका डीलरच्या वर्कशॉपला आठ वर्षं होतो, त्यातली तीन पीडीआयलाच, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी गाडी तपासून तयार करायची ते काम. त्यामुळे प्रत्येक वेळी वाचलं की डोकं फिरतं, यावेळी म्हटलं लिहूनच टाकू.

पहिला मुद्दा, "ओडोमीटर १० च्या वर असेल तर गाडी टेस्ट ड्राइव्हची." अहो गाडी काय उचलून आणतात का? ट्रेलरवर चढवायची, उतरवायची, यार्डात लावायची, मग यार्डातून वर्कशॉपला चालवतच आणायची. यार्ड वाघोलीच्या पुढे आणि वर्कशॉप सिंहगड रोडला, एका फेरीतच वीसेक किलोमीटर होतात. वर पीडीआयमध्ये ब्रेक, क्लच, अलाइनमेंट बघायला एक छोटी राउंड मारायची असते, ती नाही मारली तर उलट काम अर्धवट. त्यामुळे ४०-५० किलोमीटर दिसले तर मी काही बोलणार नाही. अडीचशे दिसले तर मात्र विचारा, कारण हवा तो रंग इथे नसला की कोल्हापूरच्या डीलरकडून गाडी चालवत आणतात आणि गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, हे होतं.

"टायरची तारीख गाडीच्या आधीची म्हणजे टायर बदललेत." टायरवर चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. टायर आधी बनतो मग गाडीला लागतो, तो गाडीच्या आधीचाच असणार ना! एक-दोन महिन्यांचा फरक नॉर्मल आहे, वर्षभराचा असेल तर बोला.

"चॅसिस नंबरचं दहावं अक्षर बघा, एबीसीडी मोजून गाडी कुठल्या वर्षी बनली ते कळतं" ही आयडिया अर्धी बरोबर आहे. पण त्यात आय, ओ, क्यू वापरतच नाहीत, म्हणून २०२३ ला पी आणि २०२४ ला एकदम आर, २०२५ ला एस. सरळ मोजत गेलात की वर्ष चुकणार, शिवाय महिना कंपनीप्रमाणे वेगळ्या जागी लपवलेला असतो. एवढं करण्यापेक्षा सेल सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म २१ मागा, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं.

आता "पीडीआय म्हणजे नुसतं पाणी मारतात." हे वाचून राग येतो पण पूर्ण खोटं पण म्हणवत नाही. काम बरंच असतं. गाडी उभी राहून टायर एका जागी चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त भरून ठेवलेली असते, ४० पीएसआयच्या वर, ती दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे कमी करायची. बॅटरी उतरू नये म्हणून काही गाड्यांत फ्यूज काढलेला किंवा स्विच बंद ठेवलेला असतो तो चालू करायचा, बॅटरीचा व्होल्टेज बघायचा (१२.६ च्या आसपास हवा, १२.२ म्हणजे अर्धी उतरली), ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, व्हीलचे नट, सगळे दिवे, खाली लिकेज. पण धनत्रयोदशीला एका दिवसात तीस डिलिव्हऱ्या असल्या की चेकलिस्टवर एका दमात टिका मारतात, मी स्वतः मारलेल्या आहेत, खोटं कशाला बोलू. आणि धुण्यापुसण्यात तर खरी वाट लागते, धूळ असताना कोरडं फडकं फिरवलं की काळ्या गाडीवर गोल गोल बारीक रेघा. तर संशय घ्यायचाच असेल तर गेज घेऊन टायरची हवा मोजा. ४५ निघाली की समजा गाडीला कोणी हात लावलेला नाही.

सीटवरचं प्लास्टिक आहे की काढलंय हा मेसेजमधला मुद्दा सोडा, त्यावरून काहीच कळत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, "डिलिव्हरीच्या दिवशी तपासा, खोट दिसली तर परत करा." २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर नंबर प्लेट लागल्याशिवाय डीलर गाडी ताब्यात देऊ शकत नाही. म्हणजे फुलं-हार घालून चावी देतात त्या दिवशी गाडी तुमच्या नावावर होऊन गेलेली असते, रोड टॅक्स भरलेला असतो, पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के धरा. तेव्हा बंपरला रंग मारलेला दिसला तर डीलर म्हणणार सर पॉलिश करून देतो, गाडी बदलून कोण देणार? भांडायला ग्राहक आयोग आहे पण तिथे तारखा. म्हणून पैसे पूर्ण भरायच्या आणि रजिस्ट्रेशनच्या आधी, चॅसिस नंबर लिहून घेऊन, यार्डात दिवसाउजेडी जाऊन बघायचं. शोरूमच्या लाइटखाली सगळ्या गाड्या चकचकीतच दिसतात.

माझ्या पुतण्याच्या वेळी आम्ही असंच गेलो, मागच्या दाराच्या खाली रंगाची शेड वेगळी दिसली, सेल्सवाला आधी "धूळ आहे हो काका" म्हणाला, मग ओलं फडकं मारल्यावर गप्प बसला. रजिस्ट्रेशन झालेलं नव्हतं म्हणून आठ दिवसांनी दुसरी गाडी मिळाली. पाडव्याचा मुहूर्त मात्र हुकला आणि वहिनी ते अजून मला ऐकवते.