नाशिकच्या भावी खासदारास सप्रेम सूचना

चौकातल्या फलकावर आपले छायाचित्र ‘भावी खासदार’ या बिरुदासह झळकले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. आता एक व्यावहारिक सूचना. निवडून आल्यावर दिल्लीत सरकारी निवासस्थान मिळेल. तेथील खिडक्यांचे पडदे स्वतःच्या पैशाने शिवून घेऊ नयेत. १९७७ ते २०१४ या काळात नाशिक लोकसभा मतदारसंघात अकरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि अकराही वेळा निराळा माणूस दिल्लीला गेला: शेकापचे विठ्ठलराव हांडे, काँग्रेसचे प्रताप वाघ आणि मुरलीधर माने, भाजपचे डॉ. दौलतराव आहेर, पुन्हा काँग्रेसचे डॉ. वसंत पवार, शिवसेनेचे राजाराम गोडसे, काँग्रेसचे माधवराव पाटील, शिवसेनेचे उत्तमराव ढिकले, राष्ट्रवादीचे देविदास पिंगळे, त्याच पक्षाचे समीर भुजबळ आणि शिवसेनेचे हेमंत गोडसे. यांपैकी माधवराव पाटलांच्या वाट्याला आलेली लोकसभा तेरा महिन्यांत विसर्जित झाली. राजाराम गोडसे यांचीही दोन वर्षे पुरी भरली नाहीत. दोन डॉक्टर ओळीने पाठवून पाहिले, पण गुण आला नाही म्हणून म्हणा किंवा आला म्हणून म्हणा, नाशिकने औषध बदललेच.

या यादीने घाबरून जाऊ नये. सलग दोनदा निवडून येण्याचा पराक्रम भानुदास कवडे यांनी १९६७ आणि १९७१ मध्ये केला होता आणि हेमंत गोडसे यांनी २०१४ व २०१९ मध्ये करून दाखवला. म्हणजे साधारण अर्ध्या शतकातून एकदा हे घडते. गोविंद हरी देशपांडे हेही दोनदा निवडून आले, परंतु १९५२ मध्ये एकदा आणि १९६२ मध्ये एकदा. मधली पाच वर्षे त्यांना विश्रांती देण्यात आली. एवढा संयम आपल्या अंगी असेल तर तोही मार्ग खुला आहे.

नाशिककराला आपल्या या स्वभावाचा मोठा अभिमान आहे. ‘आम्ही कोणाला डोक्यावर बसू देत नाही’ हे वाक्य प्रचाराच्या दिवसांत, मिसळीची दुसरी तर्री येईपर्यंतच्या अवकाशात, आपल्याला हमखास ऐकवले जाईल. आपण मान डोलवावी आणि मनातल्या मनात निश्चिंत व्हावे, कारण हा स्वतंत्र बाणा मुख्यतः नाश्त्याच्या वेळी दिसतो. मतदानाच्या दिवशी नाशिककर बहुधा उर्वरित महाराष्ट्र काय करतो आहे ते करतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली त्याने काँग्रेसला घरी बसवले आणि लाट ओसरताच परत आणले; आणीबाणीनंतर काँग्रेसविरोधी मत दिले, तीन वर्षांनी इंदिरा गांधींच्या पक्षाला दिले, १९८४ च्या सहानुभूतीत पुन्हा तिकडेच दिले; २०१४ ला मोदींच्या नावावर दिले आणि २०२४ ला, राज्यभर महाविकास आघाडीचे वारे असताना, त्या आघाडीला दिले. तेव्हा मतदारसंघाचा अभ्यास करण्यात वर्षे घालवू नयेत. वाऱ्याचा अभ्यास करावा. कोणत्या खासदाराने संसदेत किती प्रश्न विचारले यावरून नाशिकने कोणाला पाडल्याचे किंवा तारल्याचे ऐकिवात नाही, त्यामुळे त्या बाजूनेही आपण मोकळे आहात.

मतदारांच्या लहरीवर अजिबात विसंबायचे नसेल तर मतदानच होऊ न देणे हा उपाय उत्तम, आणि त्याला या मतदारसंघात थोर परंपरा आहे. १९६२ च्या चीन युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा म्हटले गेले. धावून गेलेल्या सह्याद्रीला लोकसभेत बसायला जागा मात्र हवी होती, आणि ती नाशिकने १९६३ च्या पोटनिवडणुकीत बिनविरोध दिली. नाशिकचा सर्वांत वजनदार खासदार हा नाशिककरांनी एकही मत न देता निवडलेला खासदार आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पुढच्याच निवडणुकीला चव्हाण साताऱ्यातून उभे राहिले. आपणास हा मार्ग अवलंबायचा असल्यास आधी संरक्षणमंत्री व्हावे लागेल, एवढीच काय ती अडचण.

काळाराम मंदिरात दर्शनाला जाणे चुकवू नये. छायाचित्रकार सोबत असावा. २०२४ च्या निवडणुकीआधी, १२ जानेवारीला, पंतप्रधानांनी तेथे स्वच्छता केली आणि दहा दिवसांनी, २२ जानेवारीला, उद्धव ठाकरे यांनी तेथेच आरती केली. तेव्हा हे मंदिर सर्वपक्षीय आहे याबद्दल शंका नसावी. मात्र तेथे भाषण करण्याचा प्रसंग आलाच तर इतिहासात फार खोल शिरू नये. याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता, आणि तो प्रत्यक्ष चालवण्याचा भार ज्यांनी वाहिला ते दादासाहेब, म्हणजे भाऊराव कृष्णराव गायकवाड, १९५७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने नाशिकचेच खासदार झाले. ज्या माणसासाठी मंदिराचे दार उघडले गेले नाही त्याला लोकसभेचे दार उघडून देणे, ही या मतदारसंघाने केलेली बहुधा सर्वांत अभिमानास्पद गोष्ट आहे, आणि ‘आम्ही कोणाला डोक्यावर बसू देत नाही’ म्हणणाऱ्यांच्या तोंडून ती क्वचितच ऐकू येते. आपणही तिचा उल्लेख जयंतीच्या दिवशी, हार घालताना, दोन ओळींत उरकावा.

आता पक्षाविषयी. पक्ष कोणता असावा हा प्रश्न विचारू नये. तो कोणत्या वर्षी असावा हे विचारावे. हेमंत गोडसे २००९ मध्ये मनसेच्या रेल्वे इंजिनावर उभे राहिले आणि मनसे व शिवसेना यांच्या मतांच्या फाटाफुटीत समीर भुजबळांकडून सुमारे २२ हजार मतांनी हरले. २०१४ मध्ये तेच गोडसे धनुष्यबाण घेऊन आले आणि छगन भुजबळांना त्यांनी १ लाख ८७ हजारांनी हरवले. २०१९ मध्ये समीर भुजबळांना २ लाख ९२ हजारांनी. २०२४ मध्ये धनुष्यबाण तोच होता, परंतु मधल्या काळात शिवसेनेच्या दोन शिवसेना झाल्या होत्या, आणि समोर मशाल घेतलेले राजाभाऊ वाजे होते. ते १ लाख ६२ हजारांनी निवडून आले. यावरून चिन्ह महत्त्वाचे की माणूस, असा वाद आपले कार्यकर्ते घालतील. त्यांना घालू द्यावा. त्यांचा वेळ जातो.

उमेदवारीची घोषणा मात्र वेळेवर करून घ्यावी. वाजे यांचे नाव मार्चअखेरीसच जाहीर झाले होते. महायुतीत तोपर्यंत जागा कोणाची यावर चर्चा चालू होती. एप्रिलमध्ये छगन भुजबळांनी आपण शर्यतीत नसल्याचे जाहीर केले आणि विद्यमान खासदाराचे नाव जाहीर व्हायला १ मे उजाडला, तोही अर्ज भरण्याची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना. विद्यमान असणे हे नाशिकमध्ये उमेदवारीसाठी पुरेसे कारण मानले जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

घरात दुसरे कोणी राजकारणात असेल तर पाळी ठरवून घ्यावी. भुजबळ घराण्यात २००९ ला पुतणे लढले, २०१४ ला काका, २०१९ ला पुन्हा पुतणे. काकांचा विधानसभेचा येवला मतदारसंघ लोकसभेसाठी दिंडोरीत मोडतो, ही बाब त्यांच्या आड आली नाही. तेव्हा आपले स्वतःचे मत नाशिकमध्ये आहे की नाही याची चिंता आपणही करू नये. आणि खासदारकी गेली तरी आडनाव जात नाही, हे समाधान आहेच: उत्तमराव ढिकले यांचे पुत्र नाशिक पूर्वचे आणि दौलतराव आहेर यांचे पुत्र चांदवडचे आमदार आहेत. लोकसभेत एकदाच बसू देणारा हा जिल्हा पुढच्या पिढीला विधानसभेत बसवून घेतो.

नाशिक हा ‘शहरी’ मतदारसंघ आहे, असे आपल्याला मुंबईचे विश्लेषक सांगतील. त्यांचे आभार मानून सिन्नरला जावे. सहा विधानसभा मतदारसंघांपैकी पूर्व, मध्य आणि पश्चिम हे तीन शहराचे; उरलेले सिन्नर, देवळाली आणि इगतपुरी. पंचवटी, सिडको आणि सातपूरच्या मतदाराला आपला खासदार कोणत्या तालुक्याचा याचे फारसे सोयरसुतक नसते, पण सिन्नरकराला असते. २०१९ मध्ये सिन्नरचेच माणिकराव कोकाटे अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी लाखाहून अधिक मते घेतली. त्याच वर्षी विधानसभेला सिन्नरने कोकाटे यांना निवडले आणि वाजे यांना पाडले. २० मे २०२४ ला वाजे लोकसभेला उभे राहिले तेव्हा सिन्नरने त्यांना घसघशीत मताधिक्य दिले. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेसाठी मतदान झाले आणि सिन्नरने पुन्हा कोकाटे यांना, म्हणजे वाजेंच्या विरोधी महायुतीला, मोठ्या फरकाने निवडले. सिन्नरच काय, वाजे यांना खासदार करणाऱ्या मतदारसंघातल्या सहाही जागा महायुतीकडे गेल्या. आता मतदाराचा कौल कोणता, मेमधला की नोव्हेंबरमधला, असे कोणी विचारल्यास ‘सुज्ञ मतदार’ एवढेच म्हणावे. दोन्ही पक्ष तेच म्हणतात.

जाहीरनाम्याची काळजी करू नये. तो तयारच असतो. नाशिक-पुणे रेल्वे, स्वच्छ गोदावरी, मुंबईकडच्या महामार्गावरचे खड्डे आणि येता सिंहस्थ. पैकी रेल्वे फारच गुणाची. तिच्या मार्गाला नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीमुळे हरकत आली आणि मार्ग बदलण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा उशिराबद्दल कोणी जाब विचारलाच तर आपण आकाशगंगेकडे बोट दाखवू शकता; इतकी भव्य सबब दुसऱ्या कोणत्याही मतदारसंघाला उपलब्ध नाही. सिंहस्थाचे गणित त्याहून सोपे आहे. तो बारा वर्षांनी येतो. १९९१ च्या सिंहस्थापासून २००३ च्या सिंहस्थापर्यंत नाशिकने चार खासदार वापरले. कोणी दिलेल्या वचनाचा हिशेब कोणाकडे मागायचा हे गोदाघाटावर कोणालाच नीट सांगता आले नाही, आणि माणूस बदलल्यामुळे काम बदलेल या आशेवर तेच वचन पुन्हा नव्या माणसाकडून घेतले गेले. आपला कार्यकाळ दोन सिंहस्थांच्या मधोमध पडेल असे पाहावे.

आपण स्त्री असाल तर आतापर्यंतचा सगळा उपदेश आपल्याला उद्देशून नव्हता, हे यादी वाचताना लक्षात आले असेलच. १९५२ पासून आजवर नाशिकने एकाही स्त्रीला लोकसभेत पाठवलेले नाही. मतदार स्त्रीला मत देत नाही म्हणावे, तर २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत याच मतदारसंघातल्या सहापैकी तीन जागांवर, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम आणि देवळाली येथे, स्त्रिया निवडून आल्या. याचा अर्थ अडथळा मतदानयंत्रापर्यंत पोहोचण्याच्या बऱ्याच आधी आहे. परंतु संसदेने २०२३ मध्ये महिला आरक्षणाचा कायदा संमत केला आहे, आणि अनुभवी इच्छुकांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आपण पुरुष असाल तर पुढच्या फलकाची मापे देताना आपल्या छायाचित्राच्या शेजारी सौभाग्यवतींसाठीही जागा राखून ठेवावी. सध्या ‘सौ. वहिनीसाहेब’ एवढेच लिहून घ्यावे. पुढे गरज पडलीच तर ‘भावी खासदार’ ही अक्षरे थोडी डावीकडे सरकवता येतात.