पॉइंट टू-टू रायफल आणि परवडणारा सराव: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

परवडणाऱ्या पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ इंच बोअरच्या, रायफलीवरच्या माझ्या लेखावर तुमची मोठी प्रतिक्रिया आली. तुमचा १९ वर्षांचा पुतण्या तो लेख वाचून एका जुन्या बोल्ट रायफलीच्या (प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची रायफल) मागे लागलाय, त्यामुळे तुमचा राग समजण्यासारखा आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घ्यायचीच तर अँशुट्झ किंवा वाल्थरसारखी महागडी जर्मन स्पर्धा रायफल घ्यावी, नाहीतर एअर रायफलवरच थांबावं, मधली साधी रायफल म्हणजे पैसे पाण्यात. अर्धस्वयंचलित रायफल आणि दुर्बीण यांचा मी विचार केला नाही, ही दुसरी तक्रार. काटोलला स्वतःची संत्र्याची बाग असताना रेंजच्या वाऱ्या कशाला, हा तिसरा मुद्दा. काडतुसं कुठली घ्यावीत आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती कशी ठेवावीत, हेही विचारलंत. आणि मधोमध एक वाक्य: "काहून पोरांना भरीस घालता?"

भरीस घालतो, कारण हा खेळ साध्या घरातल्या पोरांनाही खेळता यावा असं मला मनापासून वाटतं. साधी पण मापाला बसणारी रायफल घ्या आणि उरलेले पैसे काडतुसांवर घाला, हे लेखातलं मत मी बदललेलं नाही. का, ते सांगतो.

आधी बागेचं, कारण ते जिवाशी आहे. पॉइंट टू-टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पण नळीतून निघताना तिच्यात १४० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि ती एक किलोमीटरच्या पुढे जाते. संत्र्याचं झाड तिला अडवत नाही. दगडावर किंवा पाण्यावर आपटली तर कुठल्या कोनात उसळेल ते सांगता येत नाही. बागेत निंदणाऱ्या बाया असतात, पलीकडे कुणाचं तरी शेत असतं, पांदण असते. रेंजला गोळ्या अडवणारी मातीची भिंत असते आणि गोळीबार थांबवायचा हुकूम देणारा माणूस असतो. परवानाही नेमबाजीच्या सरावासाठी मिळतो, शेतात फटाफट उडवण्यासाठी नाही. आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार कुणाला ठाऊक नसते: उमरेड-कऱ्हांडल्यासारख्या अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला वन्यजीव कायद्याच्या ३४व्या कलमाप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नाव नोंदवावं लागतं. त्या बाजूला कुणी नातेवाईक असतील तर त्यांना जरूर सांगा.

आता पुतण्या. त्याच्या नावावर रायफल आज होऊच शकत नाही, परवान्याला २१ वर्षं पूर्ण लागतात. पण क्लबच्या रायफलीवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली त्याला सराव करता येतो, आणि त्याने तोच करावा. कॉलेजात एनसीसी असेल तर आणखी चांगलं. कॅडेटला पहिलं फायरिंग पॉइंट टू-टूवरच मिळतं. नेमबाज अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतूनच झाली. एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी तर आपल्या कामठीलाच आहे.

२१ नंतरचा रस्ता लोक समजतात तेवढा बंद नाही. शस्त्र कायदा १९५९च्या १३व्या कलमात केंद्र सरकारने मान्य केलेल्या रायफल क्लबच्या सदस्यासाठी, नेमबाजीच्या सरावाच्या पॉइंट टू-टू रायफलीची वेगळी तरतूद आहे. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे दोनच शस्त्रं अशी मर्यादा आली, तीही अशा सदस्याच्या सरावाच्या पॉइंट टू-टूला लागू नाही. पोलीस पडताळणी आणि बाकीच्या अटी असतातच. नागपूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, काटोलसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी क्लब, मग परवाना, रायफल सगळ्यांत शेवटी.

आता मुख्य वाद. अँशुट्झ उत्तम रायफल आहे, त्यात दुमत नाही. पण ५० मीटरच्या कागदाचं गणित बघा. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. गोळीच्या छिद्राचा व्यास ५.६ धरतात, आणि छिद्राची कड रेषेला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचं केंद्र कागदाच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. रायफल टेकूवर ठेवून मारलेल्या दहा गोळ्यांची केंद्रं १६ मिलिमीटरच्या वर्तुळात मावली, तर ती रायफल आणि ती काडतुसं मिळून सगळेच्या सगळे दहा देऊ शकतात. नवख्या पोराचा उभ्याने मारलेला ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, तळहाताएवढा पसरतो. त्यातला रायफलीचा वाटा किती आणि त्याच्या श्वासाचा, खांद्याचा, ट्रिगरवरच्या बोटाचा किती? महागड्या रायफलीचे ते दोन-चार मिलिमीटर त्याला कागदावर दिसणारसुद्धा नाहीत.

दशांश गुणांनी निकाल लागतो तिथे ते दिसतात, हे कबूल. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं ते ४५१.४ गुणांवर, तिथे दशांशाची किंमत पदकाएवढी असते. पण परदेशी स्पर्धा रायफल आयात करायचा रस्ताही राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत, स्पर्धेतल्या गुणांवरून मिळालेल्या पात्रतेतून जातो. आधी गुण यावे लागतात, आणि गुण सरावाने येतात. 'थेट अँशुट्झ घ्या' हा सल्ला ज्याला द्यायचा त्याच्याकडे ते गुणच नसतात, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही.

खरा खर्च काडतुसांत आहे. पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर असतं: त्यात ठिणगी देणारं रसायन बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. चेपलेलं कवच पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरचे नेमबाज कवचं घरी भरून खर्च आटोक्यात ठेवतात, आपल्याला प्रत्येक गोळी विकतच घ्यावी लागते. पात्रता फेरी ६० गोळ्यांची, सरावात त्याहून कितीतरी जास्त लागतात. काही वर्षांत काडतुसांचा खर्च साध्या रायफलीच्या किमतीला मागे टाकतो. सगळी पुंजी रायफलीत घालून वर्षभर काडतुसांसाठी हात आखडणारा नेमबाज पुढे जात नाही. महागडी रायफल कपाटात, आणि मालक महिन्यातून एकदा डबी फोडतो, असं मी बघितलं आहे. माझ्या लेखी परवडणारी रायफल म्हणजे जी घेतल्यावर काडतुसांना पैसे उरतात ती.

आणि चांगलं काडतूस म्हणजे जोरकस काडतूस नव्हे. स्पर्धेचं काडतूस गोळीला सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर वेग देतं, मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली. 'हाय व्हेलॉसिटी' गोळी ३८०च्या आसपास निघते आणि कागदाकडे जाता जाता आवाजाच्या वेगाजवळ उतरते. नेमक्या त्या टप्प्यात ती डगमगते. नागपुरात जानेवारीच्या सकाळी १० अंशांना आवाजाचा वेग ३३७ मीटरच्या घरात असतो, मेच्या ४५ अंशांना ३५७च्या. स्पर्धेची गोळी दोन्ही ऋतूंत त्याच्या खालीच राहते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकसारखेपणा. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर त्या एकमेकींपासून साधारण ७ मिलिमीटर वर-खाली लागतात. आपल्याजवळ आहेत दहासाठीचे ते १६ मिलिमीटर. जवळजवळ अर्धी जागा काडतुसानेच खाल्ली! म्हणून एकच ब्रँड घ्या असं मी सांगत नाही. इली, एसके, लापुआ, आरडब्ल्यूएस यांतलं जे मिळेल ते थोडं थोडं आणा आणि टेकूवरून प्रत्येकाच्या किमान दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप मारा. तीन गोळ्यांवरून काहीच ठरत नाही. तुमच्या नळीला जो लॉट (कारखान्यातली एक खेप) मानवेल त्याचा नंबर वहीत लिहून ठेवा आणि तोच लॉट जमेल तेवढा घ्या. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं हे लिहिलेलं असतं, तो आकडा आधी बघा. एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या तशाच रायफलीला आवडेल याची हमी नाही.

रायफल निवडताना मी सगळ्यांत जास्त वेळ मापावर घालवतो, आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. आमच्या रेंजवर एक मुलगी पुरुषी मापाच्या बटाशी, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाशी, झगडायची. पीप साइटपर्यंत (नेम धरायचं मागचं बारीक छिद्र) डोळा नेण्यासाठी मान पुढे ताणायची, आणि विसाव्या गोळीनंतर तिचा ग्रुप वर सरकत जायचा. कोचने बटामागच्या पट्ट्या काढून बट आखूड केलं आणि गालाखालची फळी जराशी उचलली. मानेचा ताण गेला, ग्रुप जागेवर राहिला. रायफल तीच, काडतुसं तीच.

पुतण्याला ही परीक्षा शिकवा. नळी मोकळी आहे याची खात्री करायची, तोंड टार्गेटकडे ठेवून रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटून गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. डोळा आपसूक पीपच्या मधोमध आला तर माप जुळलं. मान दाबावी किंवा उचलावी लागली तर बट बदलता येतं का ते विचारायचं, आणि येत नसेल तर ती रायफल सोडून द्यायची, कितीही स्वस्त असली तरी.

जुनी रायफल बघताना बोल्ट काढून चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती जागा) कडेवर बारीक टॉर्च मारा. रिकाम्या चेंबरवर कुणी खटाखट ट्रिगर दाबत आलं असेल, तर पिन थेट धातूच्या कडेवर आपटून तिथे लहानसा खळगा पडलेला दिसतो. असा खळगा असला की काडतूस नीट बसत नाही, कवच निघताना अडतं, कधी पिन मारूनही गोळी उडत नाही. घरच्या ड्राय, म्हणजे बिनगोळीच्या, सरावासाठी, रायफल बनवणाऱ्याची मुभा नसेल तर, स्नॅप कॅप (खोटं काडतूस) वापरायची. मग नळीचं तोंड बघा. पुढून सळई घालून साफ करणाऱ्यांनी तिथली कड झिजवलेली असते, आणि गोळीचा शेवटचा स्पर्श तिथेच होतो. लाकडावरचे ओरखडे, उडालेला रंग, जुनाट दिसणं यांच्याकडे लक्ष देऊ नका.

अर्धस्वयंचलित रायफलीला स्वतःचा बोल्ट मागे ढकलण्याएवढा जोर काडतुसातूनच घ्यावा लागतो, म्हणून सौम्य स्पर्धा काडतुसांशी तिचं अनेकदा जमत नाही. आणि एकामागून एक उडवता आल्या की पोरं उडवतात. आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मीटरला एक-एक गोळी हाताने भरायची रायफलच चालते, दुर्बीण चालत नाही. एकेक काडतूस हाताने ठेवताना जे दोन श्वास मिळतात ते मला फार मोलाचे वाटतात.

एअर रायफलवर थांबा म्हणता, तर सुरुवातीला मीही तेच म्हणतो. ४.५ मिलिमीटर बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय मिळते, छर्रे स्वस्त असतात, आणि १० मीटरवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने ती शिस्तही लावते. पण बंदिस्त हॉलमध्ये वारा नसतो. ५० मीटरवर वारा गोळीला सहज दहाच्या बाहेर नेतो, आणि झोपून, गुडघ्यावर व उभ्याने असा तिन्ही स्थितींचा ५० मीटरचा खेळ पॉइंट टू-टूवरच होतो. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्या ५० मीटर प्रोनमध्येच (झोपून मारायच्या स्पर्धेत). ज्या मुलाला हे खेळायचंय त्याला एअरवर कायमचं अडवून ठेवणं मला पटत नाही.

राहिला उन्हाळा. शिश्याच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो, आणि नळी त्याच थरावर चालते. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तो वितळून खाली उतरतो, वर धूळ चिकटते, आणि तीच धूळ पुढे नळीत जाते. काडतुसं मूळच्या डबीत, घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत, कुलपात ठेवा. रेंजवर डबी सावलीत असू द्या, तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून गप्पा मारत बसू नका, आणि गोळी पुसून कधीच भरू नका. मेमध्ये सराव सकाळी लवकर उरकायचा. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लवलवते आणि काळं वर्तुळ जागेवर दिसत नाही. जानेवारीत बसवलेला झीरो (नेम आणि गोळी जुळवलेली साइटची जागा) मेमध्ये थोडा सरकतो, तर साइट किती क्लिक फिरवली ते वहीत तापमानासह लिहून ठेवा. पावसाळ्यात नळीला बाहेरून तेलाचा हलका हात द्या, पण आतली नळी उगाच घासत बसू नका. साफ करायची तेव्हा मागून, चेंबरच्या बाजूने. त्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्या ग्रुपमध्ये धरू नका. नळीत मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत त्या भलतीकडेच लागतात. काही झालं तरी रेंजवरून निघताना पुतण्याला साबणाने हात धुवायला लावा, शिसं बोटांवर राहतं.