देणगी देण्यापूर्वी एवढं बघाच

मार्च उजाडला की तुमच्यातला दानशूर जागा होतो, हे संस्थांना चांगलं ठाऊक असतं. तेव्हा चेक फाडण्याआधी संस्था नीट पारखून घ्या. पहिला प्रश्न विचारायचा, 'प्रशासकीय खर्च किती?' आकडा दहा टक्क्यांच्या वर गेला की उठायचं. चहा अर्धा राहिला तरी चालेल. कार्यकर्त्यांना पगार आहे असं कळलं तर आवाज जरा चढवायचा. समाजसेवा करायची आणि वर घरभाडंही भरायचं? (तुमच्या पगारवाढीचा विषय वेगळा.)

आता गडचिरोलीची 'सर्च' संस्था घ्या. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत. इथवर ठीक. पण जिथे ही सेवा नव्हतीच, अशा आणखी 47 गावांतलेही जन्म-मृत्यू हे लोक मोजत बसले! हा खर्च कोणत्या दात्याच्या माथी मारायचा? त्या मोजणीमुळेच म्हणे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडता आलं. असेल. पण वाचलेल्या बाळाबरोबर तुम्ही फोटो काढणार कसा? त्यातलं कोणतं बाळ एरवी गेलं असतं, हे त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही.

दप्तराचं तसं नसतं. दप्तर दिसतं, त्यावर 'कै. आजोबांच्या स्मरणार्थ' छापता येतं आणि पोरं रांगेत छान उभी राहतात, पाहुण्यांची गाडी घाटात अडकली तरी. पोराकडे आधीची तीन दप्तरं असली तर चौथं द्या. शाळेला गणिताचे मास्तर नाहीत, असं मुख्याध्यापिकाबाई हळूच सांगतील. ऐकून न ऐकल्यासारखं करा. मास्तरांच्या पाठीवर नाव छापता येत नाही.

महापूर आला तर घरातलं कपाट आवरायची संधी सोडू नका.

धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टना तपासलेले हिशेब द्यावे लागतात, पण ते वाचण्याच्या भानगडीत कोण पडतं! व्हॉट्सअ‍ॅपवरचा रडवणारा व्हिडिओ पुरे. मात्र आयकरात वजावट मिळवून देणारी 80जीची पावती डोळ्यांत तेल घालून तपासा, आणि 2,000 रुपयांवर रोख देऊ नका, वजावट बुडते. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मुळातच नाही. मग कशाला संस्था-बिंस्था शोधता? गणपतीची वर्गणी द्या, निदान माइकवरून नाव तरी पुकारतील.