आईबाबांना मेलबर्नला आणताय की कोंडून ठेवताय?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी कोथिंबीर आणायला इंडियन दुकानात गेले तर ओळखीची एकजण भेटली. नातवंडाला सांभाळायला नाशिकहून सासूसासरे आलेत. कसे आहेत विचारलं, तर म्हणे, "घरातच असतात गं. आम्ही बाहेर सोडतच नाही. हल्ली मेलबर्न सेफ राहिलंय का?" मागे ट्रॉली धरून उभे असलेले काका गुपचूप बटाट्यांकडे बघत होते. हा माणूस नाशकात रोज पहाटे गोदाकाठी फिरून येत असणार. इथे त्यांची झेप गॅरेजपासून लेटरबॉक्सपर्यंत!

आपल्या पश्चिमेकडच्या उपनगरांत, टार्नीट म्हणा, पॉइंट कुक म्हणा, घरोघरी हेच चाललंय. भीती कसली, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओची.

माझे बाबा आले होते तेव्हा मीही हे सल्ले ऐकले. बाबा एसटीतले, रिटायर्ड कंडक्टर. त्यांना घरात बसवणं माझ्या बापजन्मात जमलं नसतं. मायकी कार्ड, म्हणजे इथल्या ट्रेन-ट्रॅमच्या प्रवासाचं कार्ड, हातात दिलं आणि म्हटलं, फिरा. सिटीत फ्री ट्रॅम झोनमध्ये तर तिकीटही लागत नाही, याचंच त्यांना कोण आश्चर्य. "मग कंडक्टर काय करतो?" कंडक्टर नसतोच म्हटल्यावर दिवसभर गप्प होते.

आणि एकदा ते चुकलेच. थंडीचे दिवस, सहालाच मिट्ट काळोख. वेरिबीच्या गाडीऐवजी विल्यम्सटाऊनच्या गाडीत बसले. न्यूपोर्टला फाटा फुटतो, तिथे उतरायला हवं होतं, ते थेट शेवटच्या स्टेशनाला पोहोचले. मोबाईल घरी चार्जिंगला. प्लॅटफॉर्म रिकामा, समुद्राचा वारा, आणि समोरून कमरेला पिस्तूल लावलेले दोन गणवेशवाले. बाबांना वाटलं, आपली वरात आता चौकीत.

ते होते पीएसओ, म्हणजे प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस ऑफिसर. संध्याकाळनंतर मेट्रोच्या स्टेशनांवर ते दिसतात, आणि असतातच मुळी अशांसाठी. बाबांनी खिशातली चिठ्ठी काढून दिली. कंडक्टर वेबिलावर हिशेब लिहितात तशा सुबक मराठी आकड्यांत माझा नंबर! त्यातल्या एका पोराने कागद आडवा धरला, उभा धरला, शेवटी बाबांनीच एकेक आकडा इंग्रजीत म्हणून दाखवला. फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पाठीमागून बाबांचा आवाज, "तिला सांगा, गाडीवर पाटी नीट लावत नाहीत."

आता लगेच कोणीतरी कमेंटमध्ये २००९ काढणार. काढा. भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते, ते मी विसरलेले नाही. आणि हो, कोयत्यांचं प्रकरणही खरं आहे. उगाच नाही सरकारने १ सप्टेंबर २०२५ पासून मशेटी, म्हणजे लांब कोयता, बाळगायलाच बंदी घातली. रात्री कारची किल्ली दारापाशी ठेवू नका, मागचं दार लावून घ्या, गाडी चोरायला कोणी घुसलाच तर किल्ली देऊन टाका आणि ०००, म्हणजे इथला इमर्जन्सीचा नंबर, फिरवा. पण यातलं काय सकाळी दहा वाजता बागेत जाणाऱ्या आजोबांना लागू होतं, ते मला कोणीतरी समजावून सांगा.

खरा संताप पुढे आहे. हीच मंडळी, ज्यांना ट्रेन धोक्याची वाटते, ती आईवडिलांना गाडीत घालून वाट्टेल त्या बीचवर नेतात. साडी खोचून, पँट दुमडून पाण्यात. जानेवारी २०२४ मध्ये फिलिप आयलंडला फॉरेस्ट केव्ह्जच्या किनाऱ्यावर चार भारतीय माणसं बुडाली. तिथे लाइफसेव्हर नव्हते. त्यांच्यात एक बाई भारतातून पाहुणी म्हणून आलेली होती. ते वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इथल्या पाण्याला आत खेचणारी ओढ असते, आणि ती बरेचदा नेमकी शांत दिसणाऱ्या पट्ट्यात असते. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. झेंडे नाहीत तर पाय ओले करायचे नाहीत. गणपतीपुळ्याला काय होतं ते पेपरात वाचून आपण हळहळतो, मग इथे आल्यावर अक्कल कुठे गहाण पडते?

आणि ट्रॅम! आपले लोक रस्ता ओलांडताना हात दाखवतात. बाबाही दाखवायचे, अगदी बस थांबवल्यासारखा. गाडीवाला थांबेल एखादवेळ, ट्रॅमला तसा ब्रेक लागत नाही आणि तिला बाजूलाही होता येत नाही. तीस गेंड्यांचं वजन असतं, अशी जाहिरातच केली होती ट्रॅमवाल्यांनी. बाबांना मी गेंडे दाखवले तेव्हा कुठे हात खाली गेला.

घरातच बसवायची एवढी हौस असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, गवताचे पराग हवेत असताना वादळ येणार असेल त्या दिवशी बसवा. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी अशाच वादळानंतर हजारोंना दम्याचा झटका आला, दहा माणसं गेली. दमा नसलेले, नुसत्या शिंका येणारेही त्यात सापडले, आणि त्यात आपल्याकडचे पुष्कळ. खिडक्या बंद, पफर (दम्याचा इनहेलर) हाताशी. याचा फॉरवर्ड कधी आला होता का तुम्हाला?

विम्याचं तर बोलायलाच नको. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आपल्या माणसांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही. अॅम्ब्युलन्सच्या एका फेरीला हजारावर डॉलर जातात. टीव्ही पंच्याऐंशी इंची घ्यायचा आणि आईचा इन्शुरन्स "बघू पुढे".

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला थोडा. मुलांना काळजी असते, कळतं मला. दोघं कामाला, डोक्यावर हप्ते, मधेच म्हाताऱ्यांना काही झालं तर कोण धावणार, म्हणून दार लावून घेतलं की बरं वाटतं. पण त्या काकांचं बटाट्यांकडे बघणं काही डोक्यातून जाईना, म्हणून दुपारी मी त्यांच्या सुनेला फोन केला.

येत्या रविवारी मी सगळ्या आजीआजोबांना ट्रेनने सिटीत घेऊन जाणार आहे. हॉपर्स क्रॉसिंग स्टेशन, सकाळी साडेनऊ. फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरायचं, नदीकाठाने बोटॅनिक गार्डनला जायचं, डबे घेऊन. काका येतायत, सुनेने "बघते" म्हटलंय. आणखी कोणाला पाठवायचं असेल तर शुक्रवारपर्यंत मेसेज करा. टोपी, पाणी, औषधं सोबत. आणि चिठ्ठीवर नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा, प्लीज.