बंबवाल्यांचा पुतळा नको, शिल्प हवे

१४ एप्रिलला बेळगावात सकाळपासून बाबासाहेबांच्या जयंतीची लगबग असते आणि ती असायलाच हवी. पण त्याच दिवशी अग्निशमन दलाचे जवान कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही. कापूस आतून धुमसू लागला की वरून मारलेले पाणी निखाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्यांनी कडब्याची गंजी पेटलेली पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जवान पाणी मारत असतानाच स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण गेले.

आपल्या शहरात पुतळ्यांची उणीव नाही. तरीही बंबवाल्यांसाठी एक शिल्प असावे, असे मला वाटते. मात्र ते सोनेरी रंग फासलेले आणि छाती काढून उभे असलेले नको. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलजवळ जॉन मिल्स यांचे १९९१ सालचे शिल्प आहे. त्यातली ब्राँझची तिन्ही माणसे कामात गुंतलेली आहेत आणि चबुतऱ्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेलेल्या अग्निशामकांची, त्यांत स्त्रियांचीही, नावे कोरलेली आहेत.

आमच्या शेताशेजारचा उसाचा फड पेटला होता, तेव्हा आग विझल्यावर एक तरुण जवान बांधावर मटकन बसला. हेल्मेट काढले तर कपाळावर पट्ट्याचा पांढरा वळ आणि त्याखाली सगळी काजळी. “नीर कोड्री,” एवढेच तो म्हणाला. आईला कन्नड जेमतेम येते, पण तिने कळशी आणली. त्याने आधी डोळ्यांवर पाणी मारले आणि मग ओंजळीने प्याला. शिल्प घडवायचे तर मला तो बसलेला माणूस दिसतो.

नावे कन्नड आणि मराठी, दोन्ही लिपींत असावीत. आम्ही सीमाभागातले लोक दरवर्षी १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला हुतात्मा चौकात जमतो. कोरलेल्या नावाचे मोल आम्हाला कोणी शिकवायला नको. ती मात्र लहान मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर असावीत, आणि उद्घाटकाचे नाव असलेच तर मागच्या बाजूला.