गाड्या लिफ्टने पोटात घेणाऱ्या तीन बोटी

दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीत ज्याने गाडी चढवली आहे त्याला रॅम्प समजावून सांगायला नको. उताराच्या जेटीला बोटीचं तोंड टेकतं, फाळका खाली पडतो, गाडी आत. सुकती असेल तर बोट उतारावर जरा खाली लागते, भरतीला जरा वर. हे जमतं कारण बोट लहान, बूड सपाट आणि खाडी आडोशाची.

आता तेच काम २३५ फूट लांब, दोन हजार टनांच्या वरच्या, खोल बुडाच्या बोटीला सांगा. तीही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. म्हणजे एकाच धक्क्यावर सकाळी बोटीचा डेक धक्क्याच्या बरोबरीला आणि दुपारी माणसाच्या डोक्यापेक्षाही खाली. गाडी न्यायची कशी?

यावर १९६४ साली जे उत्तर निघालं ते फसलं म्हणून जहाजवेडी मंडळी आजही त्याची टिंगल करतात. मला ती टिंगल पटत नाही.

त्या वर्षी अ‍ॅबर्डीनच्या हॉल रसेल गोदीतून हेब्रिडीज, क्लॅन्समन आणि कोलंबा या तीन सख्ख्या बहिणी बाहेर पडल्या. पैसा सरकारचा, चालवायला मॅकब्रेन कंपनी. सहाशे प्रवासी आणि पन्नासेक गाड्या. त्याआधी या बेटांवर गाडी न्यायची म्हणजे जाळ्यात घालून डेरिकने, म्हणजे बोटीवरच्या क्रेनने, उचलायची आणि आगबोटीच्या डेकवर ठेवायची. मालकाने तोवर धक्क्यावर उभं राहून श्वास रोखायचा.

या बोटींची युक्ती पुढच्या अंगाला होती. तिथे एक हॉइस्ट, म्हणजे सरळ सरळ मोठी लिफ्ट. बोट धक्क्याला आडवी लागायची, हॉइस्टचा प्लॅटफॉर्म धक्क्याच्या पातळीला यायचा, बाजूचा रॅम्प धक्क्यावर टेकायचा आणि चार-पाच गाड्या आत घ्यायच्या. मग प्लॅटफॉर्म खाली, गाड्या मागच्या बंद डेकवर. गाडी आत शिरते आडवी आणि लावायची असते उभी, म्हणून वळवायला फिरत्या तबकड्या. पाणी किती चढलंय याच्याशी देणंघेणं नाही. ओहोटी असेल तर प्लॅटफॉर्म जास्त वर न्यायचा, एवढंच.

यातली खरी हुशारी बोटीत नाही, धक्क्यात आहे. लिंकस्पॅन म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा पूल, आणि तो प्रत्येक बंदरात वेगळा बांधावा लागतो. बेटं डझनावारी, काही बेटांवर माणसं दीडदोनशे. तिथे प्रत्येक ठिकाणी पूल बांधण्यापेक्षा तीन बोटींत तीन लिफ्ट बसवल्या आणि जुने धक्के होते तसेच चालवले. हा हिशेब त्या काळी चोख होता.

गणित चुकलं ते वेळेचं आणि ट्रकचं. पन्नास गाड्या म्हणजे हॉइस्टच्या दहा खेपा, आणि उतरवताना पुन्हा दहा. शिवाय बाहेर पडायची वाट एकच. हेब्रिडीज स्काय बेटावरच्या उइगहून हॅरिसचं टार्बर्ट आणि नॉर्थ उइस्टचं लॉखमॅडी असा त्रिकोण मारायची. टार्बर्टची गाडी लॉखमॅडीच्या गाड्यांमागे अडकली की निम्मा डेक हलवा. त्यात हॉइस्टच्या हायड्रॉलिक्सने दगा दिला तर पोटातल्या सगळ्याच गाड्या ओलीस.

तरी मोटारींपुरतं हे निभावलं असतं. मोटार तबकडीवर काटकोनात वळते, लांब ट्रक वळत नाही. प्लॅटफॉर्मची लांबी ठरलेली, डेकची उंचीही ठरलेली. १९६४ मध्ये गिऱ्हाईक म्हणजे सुट्टीला आलेला मोटारवाला. दहा वर्षांत बेटांचा किराणा, सिमेंट, मासळी सगळं ट्रकवर आलं. क्लॅन्समन १९७३ मध्ये कापून लांब केली, उंची वाढवली, पुढून-मागून दारं बसवली. मॅलेग-आर्माडेल या तिच्या मूळ मार्गावरून तिची बदली झाली. १९८४ ला ती विकली. हेब्रिडीज १९८५ पर्यंत हॉइस्टवरच राबली आणि मग तीही विकली गेली.

'हॉइस्ट फसला' म्हणणाऱ्यांनी पुढच्या बोटींकडे बघावं. हेब्रिडीजच्या जागी आलेल्या हेब्रिडियन आयल्सला पुढे दार, मागे दार, आणि तरीही हॉइस्ट! १९८९ च्या लॉर्ड ऑफ द आयल्सलाही हॉइस्ट. कारण लिंकस्पॅन नसलेले धक्के अजून शिल्लक होते. फसलेली वस्तू कोणी पंचवीस वर्षांनी पुन्हा बसवत नाही. दारं मोठ्या बंदरांसाठी, लिफ्ट लहान बेटांसाठी, अशी ती वाटणी.

(जाता जाता: शीतयुद्धाचा काळ होता. अणुहल्ला झालाच तर आतला भाग हवाबंद करता येईल अशी सोय या तिघींत मुळातच केली होती. सरकारी पैसा असा बोलतो.)

कोलंबाचं नशीब मात्र वेगळं. सुरुवातीला ओबान बंदर ते मल बेट, नंतर कॉल, टायरी, कॉलन्से अशा बेटांवर लिफ्टच्याच जोरावर ती १९८८ पर्यंत टिकली. पुढच्या वर्षी तिची हेब्रिडियन प्रिन्सेस झाली, पन्नासेक प्रवाशांची आलिशान क्रूझ बोट. २००६ मध्ये राणी एलिझाबेथने ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने ती अख्खी भाड्याने घेतली होती. जिथे मेंढ्यांच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या चिखल गाळत उभ्या राहायच्या, त्या डेकवर आता केबिनी आहेत.