परदेशातून : धबधब्याची पिन आणि लाटेची पाळी

पावसाळा लागला की सातारकरांच्या ग्रुपवर ठरलेलं भांडण पेटतं : धबधब्याचं लोकेशन टाकायचं की नाही? एक म्हणतो, ‘टाकू नका, उद्या तिथं वडापावची गाडी आणि पत्रावळ्यांचा ढीग.’ दुसरा म्हणतो, ‘डोंगर काय तुझ्या सातबाऱ्यावर आहे?’ ऑस्ट्रेलियातल्या सर्फिंगवाल्यांत, म्हणजे फळीवर (बोर्डवर) उभं राहून लाटेवरून घसरत जाणाऱ्यांत, हाच वाद फार जुना आहे. फरक एवढाच, की इथं जागा सांगण्याच्या वादाआधी पाळी कुणाची हे ठरलेलं असतं.

बायरन बेच्या ‘द पास’सारख्या जागी लाट एका टोकाला फुटायला लागते आणि उजवीकडे सरकत जाते. ती पकडायची जागा जेमतेम काही मीटरची. समजा, दर दहा मिनिटांनी लाटांचा एक जथा येतो आणि त्यात चार लाटा चांगल्या असतात. म्हणजे तासाला चोवीस. पाण्यात आठ जण असतील तर प्रत्येकी तीन, साठ असतील तर निम्म्याहून जास्त लोक कोरडेच. म्हणून नियम : लाट जिथं फुटतेय त्याच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. त्याच्यापुढं आडवं घुसणं म्हणजे ‘ड्रॉप इन’. वळसा घालून मुद्दाम आतल्या बाजूला जाऊन बसणं हेही तितकंच वाईट. परत आत जाताना फुटत्या लाटेच्या बाहेरून लांबचा फेरा मारायचा, लाटेवरच्या माणसाच्या वाटेत यायचं नाही. आणि समोरून फेसाची भिंत आली की बोर्ड सोडून पाण्याखाली बुडी मारायची नाही. नऊ फुटी बोर्ड, तो पायाला बांधणारी तेवढीच लांब दोरी, म्हणजे मागच्या अठरा फुटांत जो असेल त्याच्या डोक्यात बोर्ड. नवशिके हमखास इथंच चुकतात.

‘जागा गुप्त ठेवा’ या बाजूचं टोक बघायचं असेल तर कॅलिफोर्नियातलं लुनाडा बे बघा. बाहेरच्यांना दगड मारून, धमकावून हुसकावल्याच्या तक्रारी तिथं वर्षानुवर्षं होत्या. 2016 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि स्थानिकांनी किनाऱ्यावर बांधलेला दगडी अड्डाही त्याच वर्षी पाडला गेला. शिवाय गुपित टिकत नाही ते नाहीच. नामिबियाच्या वाळवंटी किनाऱ्यावरची स्केलेटन बेची लाट तर गूगल अर्थवरच्या उपग्रह-छायाचित्रांतून जगासमोर आली. तेव्हा आपल्या भांबवलीचा वज्राई धबधबा काय लपणार?

पण ‘सगळ्यांचंच आहे’ म्हणणाऱ्यांनाही फोटो काय लपवतो ते कळत नाही. समुद्राच्या फोटोत लाटा न फुटणारा, गडद, शांत पट्टा पोहायला उत्तम वाटतो. बऱ्याचदा तो किनाऱ्यावरून आत समुद्राकडे खेचणारा परतीचा प्रवाह असतो. मुरलेला सर्फर आत जायला त्याचाच उपयोग करतो, नवखा त्यातच ओढला जातो. म्हणून जीवरक्षकांची गस्त असलेल्या किनाऱ्यावर पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. आपल्याकडे ओढ्याचं तसंच. डोक्यावर ऊन असतं, वर पठारावर मात्र पाऊस कोसळत असतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला की कुंडातून लगेच बाहेर पडायचं. ही खूण रीलमध्ये कुठं असते?

कासच्या फुलांच्या पठाराला मात्र लाटेचं गणित तसंच लावता येत नाही. लाट फुटून गेली की मागून नवी येते. कासच्या जांभ्यावर माती बोटभर, काही जागी तेवढीही नाही. गेंद, सीतेची आसवं ही फुलं त्या ओलीवर जगतात, आणि पायांनी माती दाबली गेली की पाणी धरणारे खळगेच बुजतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. मधल्या वर्षी ती नुसतं झुडूप असते आणि लोक खुशाल तिच्यात बसून फोटो काढतात. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा यादीत आलं. हंगामात तिथं शुल्क घेणारी, शिट्टी मारून लोकांना पायवाटेवर आणणारी माणसं आसपासच्या गावांचीच. माझ्या मते ‘स्थानिक’ म्हणून मान द्यायचा तो यांना. पोवई नाक्यावरून बुलेट काढून यवतेश्वरचा घाट चढणारा आपला सातारकर तिथं पुण्या-मुंबईच्या पाहुण्याइतकाच पाहुणा. (राग येईल, पण आहे ते आहे.)

लोकेशन टाकायला माझी हरकत नाही, नुसत्या पिनेला आहे. तालुका आणि पायथ्याचं गाव लिहा, कड्यावरचा नेमका ठिपका नको. फोटो त्याच दिवशी नको, आठवड्याने टाका, म्हणजे रविवारी सगळी झुंड एकाच जागी उतरणार नाही. कोणत्या महिन्यात वाट निसरडी असते, परतायला एसटी किती वाजता आहे, बंदीचा आदेश आहे का, तेही लिहा. आणि गाड्या किती मावतात ते आधी. फाट्यावर दहा गाड्यांची जागा असेल तर अकरावी अर्धी रस्त्यावर उभी राहते, बारावी तिच्या मागे, आणि कुणी घसरून पडलं की रुग्णवाहिका घाटातच अडकते.